पाणी कुठलं?

डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून सर्व्हेअर म्हणून भिजलेला माल तपासताना कंटेनरमध्ये उभं राहून दारं लावून घ्यायचं काम मी हाताखालच्या मुलीवर सोपवलंय. आत काळोख झाला की पत्र्याचं सुईएवढं भोकही उजेडानं चमकतं. मला हल्ली भोक नसतं तिथंही चांदणं दिसतं.

सिल्व्हर नायट्रेटची बाटली मात्र मी तिला देत नाही. खाऱ्या पाण्याच्या डागावर त्याचा थेंब दुधाळ होतो. थेंब दुधाळ झाला का, हे खरं तर तिलाच नीट दिसतं. पण क्लिअरिंग एजंट, आयातदाराचा मुनीम आणि जहाज कंपनीचा माणूस माझ्या हाताकडे टक लावून बघत असतात, ते मला सोडवत नाही. बोटांवरचे काळे डाग मिरवता यावेत म्हणून मी हातमोजेसुद्धा घालत नाही.

आणि हीच बाटली मला दगा देते. पश्चिम आफ्रिकेतून काजूबी न्हावाशेव्याला उतरते, तिथून सिंधुदुर्गातल्या कारखान्यांत जाते. बीमध्ये ओल असते, रात्री छताचा पत्रा गार पडतो आणि कंटेनरला घाम फुटतो. त्यावर इलाज म्हणून आत डेसिकंटच्या पिशव्या टांगतात. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराईड असतं. पिशवी ओल पिऊन फुगते, फाटते आणि तिचं पाणी वरच्या थरातल्या पोत्यांवर गळतं. त्या डागावर थेंब टाका, पांढराशुभ्र! भोवतालचे सगळे एका सुरात म्हणतात, ‘समुद्राचं पाणी!’

समुद्राचं असेल तर कंटेनर फुटका, म्हणजे बोट जहाज कंपनीकडे. घाम असेल तर विमावाले ‘मालाचा अंगभूत दोष’ म्हणून हात वर करणार. पिशवी गळली असेल तर ‘पॅकिंग सदोष’. ऑल रिस्क पॉलिसीतही हे दोन्ही अपवाद असतातच. प्रयोगशाळा सोडियम, मॅग्नेशियम मोजून पाण्याचं मूळ सांगते, पण तिचा कागद येईपर्यंत ओल्या बीला बुरशी धरते.

मी बोटावर भरवसा ठेवतो. कॅल्शियम क्लोराईड हवेतली ओल ओढत राहतं, त्यामुळे डाग दुसऱ्या दिवशीही चिकट लागतो. हे ऐटीत सांगितलं, तेव्हा मुलगी म्हणाली, ‘सर, जुलै आहे. इथं काय चिकट नाही?’ या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. छताच्या पन्हळीखाली सरळ रेषेत ओल असेल तर घाम, एका जागेवरून खाली उतरत गेली असेल तर भोक, हे ठीक. पण पिशवीही एकाच जागी गळते!

2010 च्या ऑगस्टमध्ये ‘एमएससी चित्रा’ या जहाजाची ‘खलिजिया’ जहाजाशी टक्कर झाली आणि कंटेनर मुंबईच्या समुद्रात तरंगू लागले. तेव्हा पाणी कुठलं, हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं. एरवी विचारावंच लागतं. हल्ली मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बघून ‘समुद्राच्या पाण्याने अंदाजे तीस टक्के नुकसान’ असं लिहून देणारे सर्व्हेअर निघालेत. पोती न मोजता काढलेल्या आकड्याला मी अहवाल म्हणत नाही. माझ्या तोंडी हे म्हाताऱ्याची कुरकूर वाटेल; वाटू दे.

आयातदारांना एक विनंती. भिजकी पोती वेगळी काढायला तुम्हाला शिकवायला नको. पण हमाल आधी छताच्या पिशव्या ओढून कचऱ्यात फेकतात, तेवढं थांबवा. कुठली पिशवी कुठं होती याचे फोटो काढा आणि फाटकी पिशवी सर्व्हेअर येईपर्यंत जपून ठेवा.