मुंगसाच्या तोंडातली रत्नं

काठमांडूहून बागमती ओलांडली की पाटण. तिथल्या ओकू बहालात शाक्य घराण्यांतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या धातूच्या मूर्ती घडवत आले आहेत. एका ओसरीवर जंभल दिसला आणि मी जागीच थबकलो. सुटलेलं पोट, अंगभर दागिने, एक पाय खाली सोडून ऐसपैस बसलेला. उजव्या हातात म्हाळुंग, डाव्या हातात मुंगूस, आणि त्या मुंगसाच्या तोंडातून रत्नं ओघळताहेत! हा बौद्धांचा धनदेव.

मी कर्जतचा. बुद्धाचा धर्म म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे राजमाचीच्या पायथ्याचं कोंडाणे येतं. इसवी सनापूर्वीचं लेणं. चैत्यात बुद्धमूर्ती नाही, पूजेला फक्त स्तूप. त्या विरक्त कातळाच्या धर्मात हा लठ्ठ धनिक कसा शिरला?

उत्तर मुंगसातच आहे. पुरलेल्या धनावर नाग बसतो, हे आपल्याकडे पोरंही सांगतात. मुंगूस त्या नागाचा वैरी. दडवलेलं धन मुंगूस मोकळं करतं आणि सगळं ओकून टाकतं, स्वतःपाशी काही ठेवत नाही. म्हणून जंभलाची उपासना करणारा आधी दान देतो, मग मागतो. हातातलं म्हाळुंग तर ओळखीचंच निघालं. करवीरच्या महालक्ष्मीच्याही हाती तेच फळ आहे.

ओकू बहालात मूर्ती आधी मेणाची करतात. तिच्यावर माती, शेण आणि भाताच्या तुसाचे थर चढवून ते वाळवतात. भट्टीत मेण वितळून जातं, उरलेल्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच देव. पुढे छिन्नीचं काम, सगळ्यांत वेळखाऊ. मुलामा द्यायचा तर सोनं पाऱ्यात कालवून लावतात आणि तापवून पारा उडवतात. त्या वाफा विषारी असतात. ती झळाळी पाहताना कारागिराच्या छातीची काळजी वाटते. शेवटी पोकळ पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या भरून तळाला तांब्याचा पत्रा ठोकतात.

जंभल जातीने यक्ष, हे तिथे कळलं आणि मी मनाने थेट कोंडाण्याला पोहोचलो. चैत्याच्या दर्शनी बाजूला एक मोठं, झिजलेलं शिर आहे; अभ्यासक त्याला यक्ष मानतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तर यक्षांचा सेनापती पांचिक आपल्या पत्नीशेजारी, हारितीशेजारी, चक्क देव म्हणून बसला आहे. आणि ही लेणी कोरायला पैसा कुठून आला? खालापूरच्या डोक्यावरचा बोरघाट चढून जा. कार्ल्याचं शैलगृह वैजयंती नगरीच्या भूतपाल श्रेष्ठीने पुरं केलं, असं तिथला लेखच सांगतो. व्यापाऱ्यांनी थैल्या सोडल्या म्हणून भिक्षूंना पावसाळ्यात छप्पर मिळालं. धन या धर्मात पहिल्यापासून होतं, देणाऱ्याच्या हातात.

पाटणच्या त्या जंभलावर कुणाचंच नाव नव्हतं. कोंडाण्याच्या त्या शिराजवळ मात्र ब्राह्मीत कोरलं आहे, की हे काम कन्हाचा शिष्य बलक याने केलं. गुरूचं नाव आधी, मग स्वतःचं. कर्जतच्या प्रत्येक शाळेत बलकाचं नाव पोरांना सांगायला हवं.