बिबट्याने कुत्र्याला धरले

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नंदुरबार आणि नवापूरच्या मध्ये खांडबारा आहे. गुजरातची हद्द जवळच. इथल्या पोराच्या घरात मावची, शाळेत मराठी, एखाद्या दुकानात गुजराती, बाजारात अहिराणी. रात्री बिबट्याने कुत्रा नेला, की सकाळी ती बातमी इतक्या भाषांतून फिरते. मराठीत तो ‘कुत्र्याला’ धरतो, अहिराणीत ‘कुत्राले’, गुजरातीत ‘कूतराने’. नवखा कान इथेच चकतो, कारण मराठीत ‘कुत्र्याने’ म्हटले की धरणारा कुत्राच ठरतो. कोणी धरले आणि कोण धरले गेले, हे सारे एवढ्याशा ‘ने’वर. सीमेवरचे पोर मात्र यात सहसा अडखळत नाही. समोरचा कोण, हे ओळखूनच ते ‘ने’चा अर्थ लावते.

ग्रीक शिकायला बसलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला प्रत्ययावरून असे नाते ओळखणेच फार जड जाते. नामांचे बहुतेक प्रत्यय त्याच्या भाषेने कित्येक शतकांपूर्वी टाकून दिले. आता शब्दाची जागाच त्याला कर्ता-कर्म सांगते. प्राचीन ग्रीकमध्ये ‘आन्थ्रोपॉस’ म्हणजे माणूस, ‘आन्थ्रोपू’ माणसाचा, ‘आन्थ्रोपॉन’ कर्म झालेला माणूस, आणि हाक मारली तर ‘आन्थ्रोपे’. वाक्यात कुठेही ठेवा, नाते शब्दाच्या अंगावरच असते. आपल्याला यात नवल वाटत नाही. आपला ‘माणूस’ तर प्रत्यय येण्याआधीच ‘माणसा’ होऊन त्याच्यासाठी जागा करतो. सामान्यरूपाची ही लवचीक कंबर मला मराठीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

संस्कृतात संबोधनासह आठ विभक्त्या, ग्रीकमध्ये पाचच. तिथे तृतीयेचे बरेचसे काम चतुर्थी करते, पंचमीचे षष्ठी. घर लहान पडले की दोन भाऊ एका खोलीत राहतात तसे. मराठीतही द्वितीया आणि चतुर्थी दोघींना ‘स, ला, ते’च. तरी कोष्टकात त्यांचे रकाने वेगळे, कारण साचा संस्कृताचा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली आले. पुढे पिढ्यानपिढ्या शाळकरी पोरांनी विभक्तीचे कोष्टक तालावर घोकले.

तोच ताल मावची बोलणाऱ्या पोरासमोर येतो तेव्हा मला राहवत नाही. ‘विभक्ती’ हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून ते विभक्ती वापरत असते. शेळीला पाला घालताना, मोहाखालून फुले वेचून आणताना, आईशी भांडताना त्याचे प्रत्यय कधी चुकत नाहीत. फळ्यावर मराठीचा रकाना काढण्याआधी बिबट्याची ती बातमी पोराला त्याच्या बोलीत सांगू द्यावी. कुत्र्याच्या पुढे त्याने काय जोडले, बिबट्याच्या पुढे काय, ते त्यालाच लिहू द्यावे. मग शेजारी ‘ने’ आणि ‘ला’ मांडावेत.

षष्ठी या ‘ने’-‘ला’च्याही पुढची. इथली डाळ ‘नवापूरची’, रस्ता ‘नवापूरचा’, स्टेशन ‘नवापूरचे’. गाव तेच, पण प्रत्यय पुढच्या शब्दाचे लिंग पाहून बदलतो. ग्रीक षष्ठी असे करत नाही. अहिराणीत हेच ‘ना’ आणि ‘नी’ने होते, गुजरातीत ‘नो, नी, नुं’ने. दोन्ही ज्याच्या कानावर आहेत, त्या पोराला ‘चा, ची, चे’ शिकवायला वेगळा तास कशाला लागावा?