पुलाखालचे देव

तेव्हा रंग स्वस्त होते आणि भिंती फुकट. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या बॅरिओ लोगन वस्तीतून आधी महामार्ग गेला, मग १९६९ मध्ये कोरोनाडोचा पूल. मेक्सिकन कुटुंबांची घरं पडली, त्या जागी काँक्रीटचे खांब आले. खांबांखाली बाग देऊ, असा शब्द होता. पण २२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर लागले ते हायवे पोलिसांच्या ठाण्यासाठी. वस्ती उठून आली, यंत्रांभोवती हातात हात धरून उभी राहिली. १२ दिवस कुणी हललं नाही. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन; त्यांना चिकानो पार्क असं मिळालं.

१९७३ पासून तिथे चित्रं चढू लागली. अ‍ॅझ्टेकांचे देव: पिसांचा नाग केत्झालकोआत्ल, सापांचा घागरा ल्यालेली माता कोआत्लिक्वे. स्पॅनिश बोलल्याबद्दल शाळेत मार खाल्लेली ही पिढी. अलुरिस्तासारखा कवी तिला सांगत होता की ही भूमी अस्त्लान आहे, तुमच्याच पूर्वजांची. केवढा धीर आला असेल त्या पोरांना!

आताच्या चिकानो कलावंतांचं काम वेगळं आहे. लेखिका ग्लोरिया अन्साल्दुआने १९८७ च्या ‘बॉर्डरलँड्स’मध्ये कोआत्लिक्वेला स्वतःच्या मनाच्या उलाघालीत आणून बसवलं, तिथूनच सूर बदलला. आज लॉस एंजेलिसची सँडी रॉड्रिग्ज झाडाच्या सालीच्या आमाते कागदावर चित्रं काढते. तिचा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांचा. किडे वाळवून कुटायचे, रंग उतरवायचा. सोळाव्या शतकातल्या मेक्सिकन पोथ्यांची ही रीत. त्या रीतीने ती रंगवते काय, तर सरहद्दीवरच्या कोठडीत दगावलेली मुलं. हे पाहताना घसा दाटतो.

नवी पिढी एक रास्त प्रश्नही विचारते: अस्त्लानचा जयघोष चालला होता, तेव्हा ज्यांच्या जमिनीवर सॅन दिएगो वसलं त्या कुमेयाय लोकांचं नाव कुणी घेतलं का? फारसं नाही. तरीही त्या जुन्या गर्जनेची मला ओढ वाटते. आजची चित्रं संग्रहालयाच्या मंद उजेडात पाहावी लागतात. तेव्हाची बसथांब्यावरून दिसायची, आणि ती काढणाऱ्यांत शेजारीपाजारीही असत.

ती चित्रं अजून आहेत, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जपलेली. मुलांकडे कॅलिफोर्नियाला जाल तेव्हा प्राणिसंग्रहालय बघूनच परतू नका. एप्रिल असेल तर पार्कचा वर्धापनदिन गाठा. पुलाखाली पिसांचे मुकुट घालून नाचणारी माणसं तुम्हाला दिसतील.