मामा, डोंगर फुगतो का?

२०१९ च्या मे महिन्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे केले आणि अमेरिकेत पोर्टलंडला धाकट्या बहिणीकडे गेलो. एका रविवारी तिचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मामा, ज्वालामुखी बघायला चल." दोन तासांच्या प्रवासानंतर आम्ही सेंट हेलेन्ससमोरच्या कड्यावर उभे राहिलो, आणि पाहतो तो काय, डोंगराला शिखरच नाही! कलिंगडाची फाक काढावी तशी एक बाजू नाहीशी, आणि आतल्या खळग्यात मधोमध एक करडा घुमट.

"मामा, ते काय?"

वर्गात कविता शिकवणे सोपे. भाच्याला ज्वालामुखी समजावणे कठीण! शेवटी स्वयंपाकघरच मदतीला आले.

"ताटात वरण वाढले की पळते ना? आणि घट्ट पिठले? ढीग करून बसते. जमिनीतून येणारा वितळलेला दगडही तसाच. वाईच्या आजीच्या घरामागचा डोंगर पातळ रसाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो रस दूरवर पसरला, थरावर थर बसले. म्हणून सह्याद्रीला पायऱ्या. इथला रस घट्ट. वाहता येईना, म्हणून तोंडाशीच साचला. खालून नवा रस रेटतो, वरचे कवच तडकते, तुकडे कडेला घरंगळतात आणि घुमट वाढतो. हा १९८० ते १९८६ आणि पुन्हा २००४ ते २००८ असा वाढला."

"मग शिखर कुठे गेले?"

"१९८० साली तसाच रस डोंगराच्या पोटात शिरला, पण त्याला बाहेरची वाट मिळेना. डोंगराची कूस रोज सुमारे ५ फूट फुगू लागली. १८ मे रोजी ती कोसळली आणि सोड्याच्या बाटलीचे बूच उडावे तशी कोंडलेली वाफ सुटली. डोंगर तेराशे फुटांनी ठेंगणा झाला. ५७ माणसे गेली. त्यांत डेव्हिड जॉन्स्टन नावाचा तीस वर्षांचा शास्त्रज्ञ होता. तो इथूनच डोंगरावर नजर ठेवून होता. या कड्याला त्याचेच नाव दिले आहे."

"फुगतोय हे ठाऊक होते, मग तो पळाला का नाही?"

मी थोडा थांबलो.

"तो आणि त्याचे सोबती पाहत होते, म्हणून तर लोकांना दूर ठेवता आले. नाहीतर आणखी कितीतरी गेले असते."

भाचा बराच वेळ घुमटाकडे पाहत राहिला. मग माझे बोट घट्ट धरून म्हणाला,

"आता कोण बघतं?"

"यंत्रे बघतात. आणि यंत्रांकडे माणसे."

त्याचे समाधान झाले. माझे मात्र घरी पोहोचेपर्यंत झाले नव्हते.