न बोलावलेले पाहुणे

गेल्या दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, सगळं आत टाकलेलंच आहे, काही बघायला नको." खरंच सगळं होतं! न मागितलेले खेळ, खरेदीची दुकानं, आणि महिनाभराचा फुकट अँटिव्हायरस.

महिना संपला आणि रोज लाल चौकट येऊ लागली. तुमचा संगणक असुरक्षित आहे, आजच पैसे भरा. माझं पेन्शनचं खातं मी याच संगणकावर बघतो, त्यामुळे दर वेळी छातीत धस्स व्हायचं. ३५ वर्षं मुलांच्या वह्यांवर लाल शाई मीच वापरली. तिचा धाक काय असतो ते आता सत्तरी ओलांडल्यावर कळतंय. एक दिवस कार्ड काढून आकडे टाइप करायला बसलोच. तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, आधी नातवाला विचारा तरी."

नातू फोनवर हसला. "आबा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहे, फुकट. हा काढलात की तो आपोआप चालू होईल." मग हे आत आलंच कसं? तर म्हणे लॅपटॉप बनवणाऱ्यांना या मंडळींकडून पैसे मिळतात. म्हणजे घर आमचं आणि भाडं घेणार दुसराच! आणि हे पाहुणे नेहमी गरीब असतात असंही नाही. २०१५ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपवर आधीच बसवलेलं सुपरफिश उघडकीला आलं. जाहिराती घुसवण्यासाठी ते सुरक्षित संकेतस्थळांच्या देवाणघेवाणीतही मधे बसत होतं.

मग एका दुपारी वही घेऊन बसलो. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. नावापुढच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारली की अनइन्स्टॉल. काढण्याआधी प्रत्येकाचं नाव वहीत उतरवलं (मास्तरांची खोड, दुसरं काय). अँटिव्हायरस जाताना दोनदा विचारून गेला, "नक्की ना?" तो गेल्यावर डिफेंडर चालू झालेला स्वतः बघितला, तेव्हा कुठे चहा घेतला.

पण हात सैल सुटला की चूक होतेच. एक अनोळखी नाव काढलं आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त करणारी बटणं बंद पडली. वहीतलं नाव फोनवर वाचून दाखवलं, नातवाने कंपनीच्या संकेतस्थळावरून ते परत बसवायला सांगितलं. ज्याचं काम माहीत नाही त्याला हात लावायचा नाही, अशी तंबीही मिळाली.

संध्याकाळी ही लॅपटॉपपाशी बसली आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "माझे पत्ते कुठे गेले?"

वहीत सहाव्या ओळीवर होते. सॉलिटेअर. स्टोअरमधून परत आणेपर्यंत मला जेवण मिळालं नाही.