दाराचे अस्तर
डेट्रॉईटजवळच्या एका धर्मग्रामात बदली धर्मगुरू म्हणून गेलो असता एका वृद्ध विधुराने मला आपल्या १९६९ सालच्या कॅमॅरोच्या कामाला जुंपले. दाराच्या पोलादी सांगाड्यावर प्रथम पाणी अडवणारा कागद चिकटवायचा. मग व्हिनाइल चढवलेला पुठ्ठ्याचा तक्ता वरच्या कडेला अडकवून मागच्या क्लिपा एकेक करून छिद्रांत दाबायच्या. मी उतावीळपणे बुक्की मारली आणि क्लिपेजवळ कोरा पुठ्ठा चिरला! “फादर, आधी छिद्र चाचपा,” एवढेच तो म्हणाला. नवे हातटेकण मात्र त्याने खोक्यातच ठेवले; पत्नीच्या कोपराने झिजलेले जुनेच स्क्रूंनी आवळले. सायंकाळी त्याने मला त्याच बाजूस बसवून फिरवले. हात कुठे ठेवावा, मला कळेना.