कोल्ह्याची वाट

‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. अल्पसंतुष्ट मनुष्य क्षुल्लक वस्तूनेही खूष होतो, असा तिचा अर्थ उत्तरपत्रिकेत लिहिला म्हणजे गुण पदरात पडतात. परंतु ज्याच्या वाडीतील काकडीचा वेल एका रात्रीत ओरबाडला गेला आहे, त्या शेतकऱ्यास ही म्हण निराळ्याच रीतीने समजलेली असते. मला ती ह्या दुसऱ्या रीतीने समजली. आणि ज्यांनी ती समजाविली ते माझे आजोबा अवघ्या चार इयत्ता शिकलेले होते. त्यांच्यापाशी मी कोल्हा धरावयाची विद्या शिकलो. ती कशी शिकलो व पुढे ती मला कोणत्या उपयोगी पडली, हे विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे, असा विचार आहे.

आमचे गाव झाडीपट्टीतले. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा हा मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत असे. जिल्हे दोन झाले, तरी रान एकच राहिले व त्या रानातील जनावरांस नदी ओलांडण्यास कोणाची परवानगी लागली नाही. आमच्या धानाच्या बांध्या नाल्याकाठी होत्या आणि घरामागील वाडीत पावसाळ्यात मका, काकडी व वाल लावीत. १९९१ च्या भाद्रपदात मी अकरा वर्षांचा होतो. त्या महिन्यात कोल्ह्यांनी मक्याच्या दोन ओळी आडव्या केल्या, काकडीचा वेल नासविला, आणि पाठोपाठच्या दोन रात्री गोठ्यातून दोन करडे नेली. ही करडे वाढवून दिवाळीनंतर विकावयाची व त्या पैशांतून माझ्या वसतिगृहाची फी भरावयाची, असे घरी ठरले होते. तेव्हा कोल्हा माझी शाळा पळवून नेत आहे, अशीच माझी समजूत झाली, व ती अगदीच अयथार्थ नव्हती.

काकांचे मत होते की, विहिरीवरील मोटारीच्या पेटीतून तार काढून रात्री कुंपणावर सोडावी. आजोबांनी ते साफ नाकारले. माझे मत होते की, फास लावावा; कारण आजोबांच्या घरी आढ्याला एक जुना फास टांगलेला मी नित्य पाहत असे. तरुणपणी एका फासेपारध्याची व त्यांची मैत्री जडली होती व त्याच्यापासून त्यांनी ही कला घेतली होती. रविवारच्या वर्गात आम्हांस शमशोनाची गोष्ट नुकतीच सांगण्यात आली होती. त्याने तीनशे कोल्हे धरले ते कसे, असे मी आजोबांस विचारले. ते म्हणाले, “एक कोल्हा धराले मले आठ राती लागत. तीनशेले किती, तूच हिशेब कर.” मी पाटीवर हिशेब केला. दोन हजार चारशे रात्री, म्हणजे साडेसहा वर्षांहून अधिक काळ! शमशोनाविषयीचा माझा आदर त्या दिवशी फारच वाढला.

आजोबांनी शिकविण्याचे कबूल केले, पण एका अटीवर. “आधी त्याची वाट पाह्य, मंग फासाचं पाहू.” त्यानंतर पंधरा दिवस पहाटे, दव सुकण्यापूर्वी, ते मला धुऱ्यांवरून हिंडवीत. ओल्या चिखलात उमटलेले पाऊल दाखवून ते प्रथम एवढेच विचारीत, “कोनाचं?” कुत्र्याचे पाऊल रुंद व बोटे पसरलेली असतात, कोल्ह्याचे निमुळते असते आणि त्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागील बाजूस एकमेकींस जुळलेल्या असतात. कुत्रा इकडे तिकडे हुंगत वाकडातिकडा जातो. कोल्हा कामावर निघालेल्या मनुष्याप्रमाणे धुऱ्याच्या काठाने सरळ चालतो, आणि शक्य तोवर काल गेलेल्या वाटेनेच आज जातो. फास लावणाऱ्याचा सारा भरवसा त्याच्या ह्या सवयीवर असतो. वारा कोणीकडून वाहतो हे ओल्या बोटाने पाहावे. आपल्या हातास साबणाचा किंवा तंबाखूचा वास राहू देऊ नये. वाटेवरचे गवत मोडू नये. उंचवट्यावरच्या दगडावर पडलेली कोल्ह्याची विष्ठा काडीने फोडून तीत काय आहे ते पाहावे. पहिल्या दिवशी मला त्याची किळस आली. आजोबांनी तीत उंदराचे केस, खेकड्याच्या कवचाचे तुकडे व फळांच्या बिया वेगळ्या करून दाखविल्या आणि म्हणाले, “हा त्याच्या घरचा जमाखर्च हाय. वाच.”

तो जमाखर्च मी रोज वाचू लागलो. पंधरा ठिकाणची विष्ठा पाहिली, तीत शेळीचे केस फक्त दोन ठिकाणी सापडले; उंदराचे केस मात्र जवळजवळ सर्वत्र होते. उंदीर धानाच्या लोंब्या कुरतडून बिळात साठवितो व खेकडा धुरा पोखरून बांधीतले पाणी घालवितो, हे झाडीतल्या पोरासही ठाऊक असते. म्हणजे आमचा चोर रात्रभर आमच्याच बांध्यांची राखणही करीत होता! दहाव्या दिवशी आम्ही पावलांच्या मागोव्याने नाल्यापर्यंत गेलो. तेथे कोणीतरी मेलेले वासरू उघड्यावर टाकले होते. कोल्ह्यांची वाट तेथून निघून आमच्या गोठ्यामागून जात होती. आणि गोठ्याच्या कुडाचा खालचा कोपरा कुजून तेथे वीतभर भगदाड पडले होते. चोरास आमंत्रण कोणी दिले व दार कोणी उघडे ठेविले, ह्याचा उलगडा एका सकाळीच झाला.

बाबांनी व आजोबांनी खोल खड्डा खणून वासरू पुरले. कूड नव्या बांबूंनी विणला, वाडीभोवती बोरीच्या काट्यांचा दाट वळसा घातला, आणि दिवेलागणीस करडे बांबूच्या डाल्याखाली झाकून वर दगड ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. त्या हंगामात पुन्हा करडू गेले नाही. मक्याची चारदोन कणसे गेली. ती आजोबांनी “राखनदाराची मजुरी” म्हणून सोडून दिली. उरलेल्या तीन करडांच्या विक्रीतून माझी फी भरली गेली.

तरीही फासाची उत्सुकता माझ्या मनातून गेली नव्हती, व आजोबांनी दिलेला शब्द मोडला नाही. एके दुपारी त्यांनी तो आढ्यावरून काढला. पळसाच्या मुळ्यांचा वाख काढून वळलेली ती दोरी वर्षानुवर्षांच्या धुराने काळी पडली होती. त्यांनी अंगणात बांबूची लवचीक काठी रोवली, ती वाकवून खुंटीस अडकविली, फासाचा वेढा मातीत पसरला व वर पाचोळा घातला. मग आपल्या हातातील काठी त्यांनी वेढ्यात टेकविली. खाडकन आवाज झाला, आणि काठी त्यांच्या मुठीतून निसटून वर लटकू लागली. मी टाळी पिटली. आजोबा हसले नाहीत. “फास काही नाव पुसत नाही, पोरा. ज्याचा पाय पडन त्याचा तो.” शेजाऱ्याचा कुत्रा, ससा, मुंगूस, पहाटे मोहाखाली जाणारे एखाद्याचे लेकरू, सर्वांची वाट तीच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हापासून त्यांनी फास मातीवर पसरला नव्हता. पण कायदा नसता तरी आपण तो आढ्यालाच ठेविला असता, असे ते म्हणाले.

पुढे पदवीचा अभ्यास करीत असताना तो कायदा मी स्वतः वाचला. ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणेच नव्हे, तर फासात अडकविणे, सापळा लावणे व आमिष दाखविणे ह्यांचाही समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने कोल्ह्यास पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविले आहे.

हे सर्व आज सांगण्यास एक कारण आहे. आजोबांनी काकांस जी तार लावू दिली नाही, ती तार आज अनेक शेतांभोवती रात्री जिवंत असते. रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेने आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वाघ मेले आहेत व माणसेही मेली आहेत. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील पहाटे बांधीचे पाणी पाहावयास गेले व शेजारच्या धुऱ्यावरील तारेस पाय लागून तेथेच राहिले. तार लावणारा त्यांचा वैरी नव्हता. दोन्ही घरे एकमेकांच्या रोवणीस जात. आता एका घरी कर्ता पुरुष नाही, आणि दुसऱ्या घरचा तुरुंगात आहे. तो मुलगा वर्गात कोणत्या बाकावर बसत असे ते मी सांगत नाही. पण त्या वर्षी हजेरी घेताना त्याचे नाव उच्चारणे मला फार जड जाई.

पालकांची अडचण मी जाणतो. ज्याच्या भाऱ्याभर धानावर घर चालते त्यास रानडुकराविषयी दयेचा उपदेश करणे सोपे आहे. म्हणून उपदेश न करता दोन गोष्टी सुचवितो. सौर कुंपणाचा प्रवाह क्षणमात्र वाहून थांबतो. तो जनावरास झटका देऊन परतवितो, घराच्या विजेप्रमाणे धरून ठेवीत नाही. ह्या कुंपणासाठी सरकारी अनुदानाची योजना आहे. तसेच पिकाची नासाडी झाल्यास वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळेत या. शनिवारी दुपारी मी तो लिहून देईन.

आणि विद्यार्थी मित्रहो, दिवाळीच्या सुटीत तुम्हांसही एक अभ्यास देतो. पहाटे वडीलधाऱ्यांसह धुऱ्यावर जा. ओल्या मातीत जी पावले दिसतील ती वहीत काढा. कोणाचे, कोठून आले, कोठे गेले, ते खाली लिहा. ज्याला ओळखता येणार नाही त्याने आजीला किंवा आजोबांना विचारावे. वह्या मी तपासणार आहे, आणि त्यांना गुणही आहेत.